पोळपाटावरचं यान

कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं : दांडी मोकळी सोडा, तिला हात लावू नका आणि मग हे बटण दाबा. मी ते दोनदा वाचलं, मान डोलावली आणि दांडी घट्ट धरून बटण दाबलं. सव्वीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला चालू मशीनवरचा हात काढ म्हणणं म्हणजे धार काढताना चरवी सोडून दे म्हणण्यासारखं आहे. होत नाही ते. माझ्या हाताच्या भारानं दांडी जराशी उजवीकडं कललेली होती. मशीननं भाबडेपणानं समजून घेतलं की, या माणसाचं सरळ म्हणजे एवढं, आणि मग खरं सरळ त्याला डावीकडं वाटू लागलं. त्या दिवसापासून माझं अवकाशयान जे डावीकडं जायला लागलं, ते तीन आठवडे डावीकडंच जात राहिलं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जोडीतला डावा बैल चुकार असला की गाडी डावीकडं ओढते, हे लहानपणापासून पाहिलेलं. हे यानही त्यातलंच, असं धरून मी उपाय केला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, एक टोक दांडीला बांधलं आणि दुसरं ताणून खाटेच्या उजव्या पायाला. अवकाशयान खाटेला बांधून ठेवणारा जिल्ह्यात मी पहिलाच असेन.

खाट आली, कारण मी खाटेवर होतो. आणि खाटेवर होतो, कारण ट्रॅक्टरवरून पडलो होतो. हे वाक्य असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, नांगरताना उलटला असेल, चढावर घसरला असेल. मीही लोकांना तसंच वाटू देत होतो. पण भेटायला आलेल्या माणसासमोर मी चेहरा गंभीर करून "ट्रॅक्टर होता, काय करता..." एवढं म्हणेपर्यंत स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज यायचा, "उभा होता ट्रॅक्टर! बंद केला होता!" खरं तेच होतं. ट्रॅक्टर अंगणात उभा केला, बंद केला आणि उतरता उतरता रस्त्यानं जाणाऱ्या एका ओळखीच्याशी यंदा हरभऱ्याला घाटे कसे लागले यावर बोलत होतो. शेवटची पायरी मी बोलण्याच्या नादात वगळली.

चिखलीच्या डॉक्टरांनी उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत पलस्तर घातलं. सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, असं सांगितलं. हरभरा सोंगणीला आलेला. आमच्या अमडापुरात त्या दिवसांत मजुरीच्या बाया मिळणं मुश्कील, त्यामुळं बायको सकाळीच त्यांना घेऊन शेतात जायची. जाताना माझ्या खाटेजवळ पाण्याचा तांब्या, फोन, झाकून ठेवलेली भाकर असं सगळं मांडायची आणि बाहेरून दाराला कडी लावायची. शेजारच्या शेळ्यांना उघडं दार दिसलं की त्या थेट आमच्या धान्याच्या पोत्यापर्यंत जातात आणि मी काही उठून त्यांना हाकलू शकत नव्हतो. म्हणजे कडी लावण्याचं कारण अगदी पटण्यासारखं होतं. तरी ती कडी खाड्कन बसली की छातीत काहीतरी बसायचं. मग दिवसभर एक खिडकी, एक भिंत आणि छताच्या पत्र्यावरून फिरणारं ऊन. गल्लीतून माझाच ट्रॅक्टर दुसरा कुणी घेऊन जायचा. त्याचं गिअर टाकणं ऐकून माझे दात शिवशिवायचे, पण ओरडून सांगणार कुणाला?

संध्याकाळी कडी निघायची आणि माणसं यायची. सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच. "पोरगी नाही आली काय वो पाहाले?"

"कामात हाय," मी म्हणायचो.

ती कामात होती हे खोटं नव्हतं. पण ती का आली नाही, हे मला माहीत होतं आणि आमच्या घराला माहीत होतं.

आम्हाला एकच मुलगी. मेहकरला कॉलेज केलं, पुढं पुण्याला शिकली आणि तिथंच एका कंपनीत लागली. ती कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करते, एवढं मला कळलं होतं. त्यापुढचं मी समजून घेतलं नव्हतं. दिवाळीला ती घरी आलेली असताना तिचे मामा जेवायला होते. त्यांनी सहज विचारलं, भाची काय काम करते म्हणून. माझ्या जिभेवर तेव्हा कोण बसलं होतं कोण जाणे. मी म्हणालो, "लोकायच्या पोरी ऑफिसात जातात. आमची खेळाले जाते. महिना भरला का तिले खेळल्याचा पगार भेटते." सगळे हसले. मीही हसलो. ती उठून आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पुण्याला.

त्यानंतर तिचा फोन यायचा तो आईच्या फोनवर. "बाबा कसे आहेत?" हे आईला विचारायची आणि मी समोर बसलेलो असलो तरी आई सांगायची, "बरे हायेत." पाय मोडला तेव्हाही हेच झालं. मी स्वतःहून फोन लावायला काही हरकत नव्हती. पण लावून बोलायचं काय, हे ठरवण्यात चार महिने गेले.

आणि मग पुण्याहून पार्सल आलं.

खोक्यात काळी जॉयस्टिक होती. जाड बूड, त्यावर मूठभर दांडी, दांडीला बंदुकीसारखा खटका, बुडावर डझनभर बटणं आणि बाजूला एक छोटा लिव्हर. बायकोनं ती उलटीपालटी करून पाहिली.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"म्हणे बाबाले सांग, हे लावा, शिका आन् स्टेशनातून बाहेर निघा. रविवारी पाच वाजता मी बाहेर थांबते."

"बाहेर मंजे कुठं?"

"मले काय माहीत? तुमची पोरगी, तुमचं आभाळ."

खेळ तिनं पुण्यात बसूनच आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिला. कॉलेजच्या दिवसांतला तिचा कॉम्प्युटर विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला होता. बायकोनं तो चालू करून दिला आणि आम्ही दोघं पाहत बसलो. माऊसला कुणी हात लावलेला नाही आणि पडद्यावरचा बाण आपला फिरतोय, खिडक्या उघडतोय, मिटतोय. पोरगी घरात येऊन वावरून गेल्यासारखं वाटलं. फक्त बोलली नाही.

मी विचार केला, ती मला पाहायला घरी येत नाही, आभाळात बोलावते. पण बोलावते तर आहे. म्हणजे आता मला फक्त एका गोदामातून बाहेर पडायचं होतं.

त्याला ती स्टेशन म्हणायची. मला ते बाजार समितीच्या गोदामासारखं दिसलं. उंच पत्र्याचं, आतून पोकळ, अवकाशात तरंगणारं. आपलं यान आत एका ओट्यावर उभं असतं. समोर लांब आडवी फट, टपालाच्या पेटीला असते तशी. ओट्यावरून यान वर उचलायचं, सरळ पुढं न्यायचं आणि त्या फटीतून बाहेर. बाहेर काळं आभाळ, त्यात माझी मुलगी.

पहिला प्रश्न बैठकीचा. जॉयस्टिक मांडीवर ठेवली तर ती पलस्तरावरून घसरायची. खाटेवर ठेवली तर हात पोचायचा नाही. शेवटी नजर पोळपाटावर गेली. पोळपाट उलटा केला तर त्याच्या तीन पायांच्या मधोमध जॉयस्टिकचं बूड असं चपखल बसलं, जणू सुतारानं माप घेऊन केलं होतं. वरून सुतळीचे चार वेढे दिले आणि तो उलटा पोळपाट मांडीवर घेतला. संध्याकाळी बायको शेतातून आली आणि पोळपाट शोधू लागली.

"तिकडं ताटाच्या पाठीवर लाट आजच्या दिवस," मी म्हणालो.

"आजच्याच ना?"

"हो त."

दुसरा प्रश्न बटणांचा. मशीनमध्ये एक लांबलचक यादी होती आणि यादीतल्या प्रत्येक कामाला आपण आपलं बटण नेमून द्यायचं होतं. ट्रॅक्टर पुढं जातो, मागं येतो, वळतो. संपलं. हे यान पुढं, मागं, आडवं डावीकडं, आडवं उजवीकडं, उभं वर आणि उभं खाली जातं, शिवाय नाक वर करतं, नाक खाली करतं आणि कुशीवर वळतं ते वेगळंच. पाच वर्षांत एखाद्या माणसाला लागत नाहीत एवढ्या दिशा त्याला एका वेळी लागतात. कोणतं बटण कशाचं हे ध्यानात राहीना, तेव्हा मी बायकोचं टिकल्यांचं पाकीट घेतलं. लाल टिकली म्हणजे वर उचलणं, हिरवी म्हणजे खाली, चंदेरी म्हणजे चाकं आत घेणं. पोळपाटापाठोपाठ टिकल्याही गेल्या.  दुसऱ्या दिवशी कडी जरा जोरात लागली.

तिसरा प्रश्न लिव्हरचा, आणि तिथंच माझं खरं घोडं अडलं, फक्त ते मला पुष्कळ उशिरा समजलं. लिव्हर वेगासाठी होता. मशीन विचारत होतं, पुढं ढकलला की वेग वाढू दे, की मागं ओढला की? माझ्या ट्रॅक्टरचा हातानं चालवायचा ॲक्सिलरेटर आपल्याकडं ओढला की रेस वाढते. सव्वीस वर्षांची सवय. मी खूण करून टाकली : ओढला की वेग.

मग निघालो. लाल टिकली दाबली, यान ओट्यावरून उचललं गेलं. लिव्हर हळूच ओढला, फट पुढं पुढं येऊ लागली. ट्यूबची पट्टी ताणलेली असूनही नाक डावीकडं चाललेलं. मी दांडी उजवीकडं दाबली, जास्त दाबली गेली, आता उजवीकडची भिंत आली. मी घाबरलो. आणि यान एकदम उसळून, सगळ्या ताकदीनिशी, त्या भिंतीवर जाऊन आदळलं.

पडदा काळा. आणि मग पुन्हा तेच गोदाम, तोच ओटा, तीच फट समोर.

हे त्या खेळातलं मला सगळ्यात क्रूर वाटलं. मेलं तरी सुटका नाही. जिथून निघालो तिथंच आणून उभं करतात, यानावर साधा ओरखडासुद्धा नाही. मी पुन्हा निघालो, पुन्हा घाबरलो, पुन्हा यान चवताळून भिंतीवर. बाहेर दाराला कडी, आत पायाला पलस्तर आणि पडद्यावर गोदाम. दुपारी पत्र्यावर कावळे चालायचे, त्यांच्या पायांचा टकटक आवाज यायचा, आणि मी विचार करायचो की, कावळ्याला कुणी असं लिव्हर विचारून उडायला लावलं असतं तर तोही आज खाटेवरच असता.

पहिला रविवार आला. पाच वाजता फोन वाजला. माझा फोन. चार महिन्यांनी पडद्यावर तिचं नाव पाहून मी तो तीनदा वाजू दिला, कारण हात ओला नसतानाही पुसत होतो.

"निघालात का बाबा?" ती म्हणाली. आवाज पुण्याचा होता. ती रागात असली की पुण्याची मराठी बोलते, स्वच्छ, इस्त्रीची. पण त्या 'निघालात का' मध्ये कुठंतरी असं होतं की मला नाही म्हणवलं नाही.

"कवाच," मी म्हणालो. "फिरून राह्यलो."

"खरंच? काय दिसतंय?"

मी समोरच्या ओट्याकडं पाहिलं. "अंधार."

"आणि?"

"चांदण्या."

"किती छान!" ती म्हणाली. "मग पुढच्या रविवारी निळ्या ग्रहापाशी या. मी तिथं थांबते."

फोन ठेवला. बायको दारात उभी राहून तूर पाखडत होती. तिनं सूप थांबवलं. "कुठं फिरून राह्यले तुमी?"

"इथंच."

"हं," ती म्हणाली आणि सूप पुन्हा सुरू झालं.

आता गोदाम दुप्पट झालं होतं. एकात यान अडकलेलं, दुसऱ्यात, म्हणजे माझ्याच थापेत, मी. तो आठवडाभर मी सकाळी कडी लागल्यापासून संध्याकाळी कडी निघेपर्यंत उडत होतो. दांडीचा कंप कमी करायला बुडाखाली फडकं घातलं. ट्यूबच्या दोन पट्ट्या केल्या. यादीत एक जागा अशी होती की, तिथं दांडीला मधे थोडी ढिली जागा देता येते, म्हणजे हात जरा हलला तरी यान हलत नाही. स्टिअरिंगला असतो तसा फसवा खेळ. मी ती एवढी ढिली केली की, अर्धी दांडी वळवेपर्यंत यान ढिम्म आणि मग एकदम गर्रकन. बायको शेतातून येऊन हातपाय धुता धुता विचारायची, "आज किती वेळा मेले?"

"नऊ."

"मंग जेवा आता."

दुसऱ्या रविवारी मी सरळ सांगितलं, लाईन गेली.

"बाबा, पंखा ऐकू येतोय," ती म्हणाली.

"इन्व्हर्टरवर हाय."

"आपल्याकडं इन्व्हर्टर आहे?"

 आमच्याकडं इन्व्हर्टर नाही, हे तिला माहीत, मला माहीत, गावातल्या वायरमनला माहीत.  ती म्हणाली, "ठीक आहे. पुढच्या रविवारी बघू. नाही जमलं तर राहू द्या बाबा."

भांडली असती तरी चाललं असतं. पण ती 'राहू द्या' म्हणाली. आमच्याकडं सोयरीक मोडताना असं म्हणतात. कुणी ओरडत नाही, फक्त म्हणतात, बरं, राहू द्या. मला कळलं की तिसरा रविवार शेवटचा आहे. त्यानंतर कॉम्प्युटर परत रुमालाखाली जाईल आणि "बाबा कसे आहेत" हे पुन्हा आईला विचारलं जाईल.

त्या आठवड्यात मी किती मेलो ते मोजलं नाही. बायकोनंही विचारणं सोडलं. शनिवारी एकदा यानाचं नाक फटीपर्यंत गेलं. बाहेरचं काळं आभाळ मी पाहिलं, त्यात खरोखर चांदण्या होत्या. मग कड घासली, मी घाबरलो आणि यान रानडुकरासारखं मुसंडी मारून फटीच्या काठावर फुटलं. घाबरलं की ते असं का करतं, हेच समजेना. मला वाटलं, यंत्राला माझी भीती कळते आणि ते मुद्दाम करतं.

तिसरा रविवार. साडेचारपासून मी पोळपाट मांडीवर घेऊन बसलेलो. बायको त्या दिवशी घरी होती. खाटेच्या पायथ्याशी बसून घाटे सोलत होती, हातातलं काम न सोडता डोळा पडद्यावर. पाचला फोन आला. तो मी स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला.

"मी निळ्या ग्रहापाशी आहे," पुण्याचा आवाज. "तुम्ही कुठं आहात बाबा?"

मी तोंड उघडलं. अंधार, चांदण्या, लाईन, सगळं जिभेवर तयार होतं. बायकोनं घाटा सोलायचा थांबवला.

"माय," मी पोरीला म्हणालो, "मी निघालोच नाही."

ती काही म्हणायच्या आत मी पुढचंही सांगून टाकलं.

"गोदामातच हाय मी. पयल्या रविवारपासून. भाईरच नाही आलो. लय वेळा मेलो, पण भाईर नाही आलो."

आता ती फोन ठेवेल, असं वाटलं. मी पडद्याकडं पाहत राहिलो. मग आवाज आला, आणि तो इस्त्रीचा नव्हता. "तवाच काऊन नाही सांगतलं बाबा?"

"लाज वाटली."

"थांबा. येते मी."

थोड्या वेळात समोरच्या फटीतून एक छोटं पिवळं यान आत आलं. कुठं घासलं नाही, थबकलं नाही. चिमणी खोप्यात शिरते तसं सहज येऊन माझ्या समोरच्या ओट्यावर बसलं.  बायको पुढं सरकून म्हणाली, "हेच का व तू?"

"हाव आई, मीच."

"पिवळी कायले घेतली? मळते."

"आई, थांब नं. बाबा, निघा तुमी. मी फकस्त पाहाते."

मी निघालो. उचललं, ओढलं, डावीकडं गेलं, घाबरलो, फुटलं. तिनं सगळं पाहिलं. हसली नाही. म्हणाली, "अजून एकदा." मी अजून एकदा फुटून दाखवलं.

"बाबा, तुमच्या दांडीले काई बांधलं हाय काय?"

"ट्यूब," मी म्हणालो.

"कशाची ट्यूब?"

"सायकलची. खाटेले."

पलीकडं कसलातरी आवाज आला, तो खोकला नव्हता. मग ती म्हणाली, "ट्यूब सोडा. आता सेटिंगमधी जा, जिथं पयल्या दिवशी बटण दाबलं होतं तिथं. दांडी सोडा."

"सोडली."

"हात काढा."

"काढला."

"बाबा, पुरा काढा. एक बोट अजून दांडीवरच हाय तुमचं."

तिला ते तिथून कसं दिसलं, मला आजही कळलेलं नाही. बोट खरंच होतं. मी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. बायकोनं पुढं होऊन बटण दाबलं. यानाचं डावीकडं जाणं तिथंच संपलं. इतके दिवस मी ज्याला चुकार बैल म्हणत होतो, तो माझाच हात होता.

"आता दुसरं," ती म्हणाली. "तुमी घाबरले का हात कुठं जाते तुमचा?"

"मंजे?"

"भिंत आली. घाबरले. लिव्हरवरचा हात कोण्या बाजूनं जाते? सोचू नका. पोळपाटावर हात ठेवा, डोये लावा आन् समजा भिंत आली."

तिला पोळपाट कसा कळला, हे विचारायला मी विसरलो. डोळे मिटले. भिंत आणली. आणि हात आपोआप, झटक्यात, छातीकडं आला. ओढल्यासारखा.

डोळे उघडले तर बायको माझ्या हाताकडं पाहत होती. "कासरा ओढला तुमी," ती म्हणाली.

बरोबर होतं ते. माझ्या बापाची बैलजोडी मी आठव्या वर्षापासून हाकली. बैल उधळला, उतार आला, समोर माणूस आला की कासरा छातीशी ओढायचा आणि जोडी थांबायची. ट्रॅक्टरवर घाबरलो तर पाय ब्रेकवर जायचा, हात जागेवर राहायचा. आता पाय पलस्तरात होता. पायातली सगळी भीती हातात आली होती आणि घाबरलेल्या हाताला ट्रॅक्टर माहीतच नव्हता, त्याला बैल माहीत होते. मी थांब म्हणून ओढत होतो. पण ओढला की वेग, हे मीच मशीनला सांगून बसलो होतो. यान बिचारं हुकमाचं ताबेदार. मी जितका घाबरून थांब म्हणायचो, तितकं ते जिवाच्या आकांतानं पळायचं.

"ते उलटं करा," मुलगी म्हणाली. "लिव्हरच्या नावापुढं एक चौकट हाय, तिथली खूण काढा. आता ढकलला का वेग, ओढला का थांबते. शांत असल्यावर हात कसाई शिकते बाबा. घाबरल्यावर जे होते, त्याच्या हिशोबानं मशीन बसवा लागते."

"हे तुले कोणं शिकवलं?"

"माह्यं कामच हाय ते," ती म्हणाली. "एका हाताची माणसं असतात, डावखोरी असतात, हात थरथरणारी असतात. त्यायच्या हाताले खेळ जमते का नाही, ते मी पाहाते. नाही जमला तर बसवून देते."

 दिवाळीच्या पंगतीतलं माझं हसणं मला ऐकू येत होतं.

मग लाल टिकली दाबली. यान उचललं गेलं. लिव्हर पुढं ढकलला. नाक सरळ. फट जवळ आली, कड जवळ आली, मी घाबरलो आणि हात छातीशी आला. यान थबकलं. उभं राहिलं, शहाण्या जोडीसारखं. मी श्वास सोडला, पुन्हा जरा ढकललं. वरचा पत्रा खर्रकन घासला, बायको "अगा मायव" म्हणाली, आणि गोदाम मागं गेलं.

पुढं काहीच नव्हतं. भिंत नाही, फट नाही, ओटा नाही. पिवळं यान बाजूनं येऊन माझ्या जोडीला लागलं.

"काय दिसते बाबा?"

"अंधार," मी म्हणालो. "चांदण्या."

ती खळखळून हसली. चार महिन्यांनी ऐकलं ते. मी मान खाली घालून पोळपाटाकडं पाहत म्हणालो, "तुह्या मामाले सांगीन मी, तू काय करतं ते."

"काय सांगसान?"

"का माही पोरगी माणसाचा हात पाहून मशीन बसवते."

 फोनमधून नाक ओढल्यासारखा आवाज आला, आणि मग, "बाबा, खाली चालले तुमी. सांभाळा."

खरंच चाललो होतो. परत कसं यायचं हे मला शिकवलेलंच नव्हतं, त्यामुळं आता मी बाहेर अडकलो होतो. तिनं हळूहळू सांगत मला निळ्या ग्रहापर्यंत नेलं आणि तिथं उभं केलं. शेवटी म्हणाली, "आता इथंच राहू द्या. आत कसं घालाचं ते शनिवारी घरी येऊन शिकवते."

फोन बंद झाला. मी बायकोकडं विजयी चेहऱ्यानं पाहिलं. "पाह्यलं? येते म्हणे शनिवारी. मी भाईर निघालो म्हणून."

तिनं सोललेले दाणे वाटीत ओतले, पदर झटकला आणि उठली.

"तिकीट बुधवारीच काढलं तिनं," ती म्हणाली. "मीच म्हटलं, त्यायले आताच सांगू नको, माणूस पयले खरं बोलते का ते पाहू. आन् ती सुतळी सोडा आता. माहा पोळपाट द्या इकडं. पोरगी येऊन राह्यली, पुरणाच्या पोळ्या काय मी ताटाच्या पाठीवर लाटू?"